मारलं की सरकायचं

कुरुंद्याचे दत्तराव एक वाक्य बोलतात आणि एक पाऊल बाजूला सरकतात. पुढचं वाक्य बोलायला पुन्हा जागेवर येतात. किराणा दुकानात "पावशेर साखर द्या" म्हणून ते सरकतात, मागचा माणूस पुढे येतो आणि साखर त्याच्या पिशवीत पडते. लग्नात आहेर दिला की फोटो निघायच्या आत ते बाजूला झालेले असतात. गावातल्या सगळ्या अल्बमांत मिळून त्यांचं एक कोपर तेवढं आहे.

बदली होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा मला तो विनय वाटला. विनयाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेक वेळा तो सत्काराच्या थोडा आधी येतो. म्हणून एकदा विचारलंच.

"टेबल टेनिस," दत्तराव म्हणाले आणि सरकले. परत येऊन म्हणाले, "डबलमध्ये एक बॉल आपुन मारायचा, पुढचा जोडीदारानं. मारलं की सरकायचं. न्हाईतर त्यानं यावं कुठून?"

गावात कुणी भांडणात ओढलं तरी ते हात जोडतात. "ह्यो बॉल माझा न्हाई."

त्यांचं टेबल हळदीच्या शेडमध्ये होतं. टेबल म्हणजे घराचं जुनं सागवानी दार, चार रिकाम्या पिंपांवर आडवं टाकलेलं. कडीच्या भोकावर चेंडू पडला की तो कुठेही जाई. दार एका बाजूनं भिंतीला अगदी चिकटवलेलं होतं, म्हणजे खेळणार कुणाशी, तर भिंतीशी. जागेची काटकसर असेल, असं मी समजलो. दुपारी पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरिपी येत, त्यांत हळदीची धूळ सावकाश तरंगत राही आणि मधूनच टक... टक... असा आवाज येई. तो ऐकत मला कित्येकदा झोप लागली आहे. चेंडू अर्थातच पिवळा. भिंतीवर एक मोठा पिवळा डाग, उगवतीच्या सूर्यासारखा.

आशियाई खेळ सुरू झाले की दत्तराव जमिनीवर नसत. टीव्ही शेडमध्ये येई. ते फक्त डबलच बघत. सिंगल लागलं की चहा ठेवायला उठत. "सिंगल म्हंजे एकट्यानं जेवणं हो. पोट भरतंय, चव न्हाई."

यंदा खेळ सुरू असतानाच तरुण मंडळाचे अध्यक्ष पोरांना घेऊन शेडमध्ये आले. आशियाई खेळांच्या निमित्तानं गावात क्रीडा महोत्सव भरणार होता. त्याचा फलक आधीच लागला होता. त्यावर अध्यक्ष, अध्यक्षांचे वडील आणि शुभेच्छुक असे सगळे होते. खेळाडू कुणी नव्हता. टेबलही नव्हतं.

"काका, दार न्यावं म्हणून राहिलो. मैदानात मांडव टाकलाय. तुमचं बी नाव घेऊ माइकवर."

"दार हलणार न्हाई," म्हणून दत्तराव सरकले.

"काहून? गावासाठी मागून राहिलो आमी!"

गावासाठी म्हटल्यावर दत्तराव घुटमळले. मग म्हणाले, "खेळा माझ्याशी. जिंकलात तर न्या."

अध्यक्षांनी कॉलेजात चार चषक मिळवले होते आणि ते चारही फलकावर होते. पण दत्तरावांचा हात मी पाहिला होता. मी निश्चिंत होतो.

दार भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं, जाळी म्हणून उपरणं बांधलं. अध्यक्षांनी सवयीनं दाराला हळदकुंकू वाहिलं, त्यामुळे चेंडू थोड्याच वेळात केशरी झाला.

दत्तरावांचा पहिला फटका असा गेला की अध्यक्ष नुसतेच वळून बघत राहिले. दुसरा कसाबसा परत आला. तो हळू आला, त्यानं दत्तरावांच्या बाजूला टप्पा घेतला, आणि तिथे कुणी नव्हतं. दत्तराव सरकले होते.

"काका, पळा की! एकटेच हाव तुमी!" कुणीतरी ओरडलं.

"सवय हाय हो," दत्तराव ओशाळून म्हणाले आणि सरकले.

असंच चाललं. अध्यक्षांना फक्त चेंडू कसाबसा परत ढकलायचा होता. ते जिंकले, दोन्ही हात वर करून फोटोही काढून घेतला. मंडळाच्या पोरांनी दाराला हात घातला.

अध्यक्षांची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिथे एक बॅट टांगलेली होती. मुठीला हिरव्या साडीचा काठ घट्ट गुंडाळलेला.

"ही बी द्या काका, जोडी होईल."

दत्तराव खिळ्यासमोर जाऊन उभे राहिले. "ती शकूची हाय," ते म्हणाले.

आणि सरकले नाहीत.

मी आपोआप बाजूला बघितलं, ते तिथे नव्हते. जिथे बोलले तिथेच उभे होते.

"हळदीची कढई लावली की झाकण काढेस्तोवर बसावंच लागतंय. तवा खेळायचो दोघं. ती डावरी. एक बॉल माझा, एक तिचा, समोर भिंत." त्यांनी पिवळ्या डागाकडे पाहिलं. "एकमेकांसमोर कधी खेळलो न्हाई. काहून खेळावं? एकाला हरावं लागतंय."

पत्नी गेल्याचं मी ऐकून होतो. ती कुठे उभी राहायची, ते आत्ता कळलं.

अध्यक्षांनी खेळायला घेतलेली बॅट दारावर ठेवली. मग पोरांना म्हणाले, "ठेवा रे. भिंतीला लावा, जसं होतं तसं. बराबर चिकटवा." उपरण्याची गाठ त्यांनी स्वतः सोडली. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

सगळे गेल्यावर टीव्हीवर मिश्र दुहेरी लागली. दत्तराव बाजेच्या एका कडेला बसले. मी उरलेल्या अर्ध्या बाजेवर टेकायला निघालो होतो, पण थांबलो आणि एक पालथी बादली ओढून घेतली.

पडद्यावर पोरानं फटका मारला आणि तो झटकन बाजूला झाला. मागून पोरगी आली.

"शाबास," दत्तराव हळूच म्हणाले, आणि होते त्याहून जरा कडेला सरकून बसले.