पिग्मीकाकांची फेरी

मंगळवार, पोळ्याचा दुसरा दिवस. स्थळ: आमच्या बुडालेल्या बँकेची जुन्या जालन्यातली शाखा. काम: टेबलं, खुर्च्या, पंखे आणि एक तिजोरी यांचा लिलाव. हजर: लिलाव घेणारे साहेब, भुसार दुकानाचे मोतीशेठ, गादीवाले रशीदचाचा, गल्लीतले बाकीचे ठेवीदार, दोन भंगारवाले आणि ठेवीदार समितीची चिटणीस म्हणून मी. गैरहजर: रंजना, मुक्काम जाफराबाद. पिग्मीकाका हजर, पण खुर्ची रिकामी असून उभे.

साहेबांनी पहिली बोली पुकारायला घसा साफ केला, तेवढ्यात पिग्मीकाकांनी टोपी काढली, रशीदचाचांसमोर जाऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, "बोला."

रशीदचाचांनी डोळे मिटून जरा विचार केला. "तुमकू कुत्ता भी नक्को काटो मियाँ. बिचारा कुत्ता बीमार पडेंगा."

"झालं?"

"आज के वास्ते हौ."

"बराबर," म्हणून काका पुढच्या ठेवीदारासमोर. "बोला." त्यानं मोबाइलमधून मान वर न करता "नालायक" म्हटलं. "बराबर." अशी सगळी रांग झाली. मोतीशेठपाशी मात्र काका थांबले नाहीत. शेठनी त्यांच्याकडे बघितलं, मग उगाच फरशीकडे बघितलं. शेवटी काका माझ्यासमोर आले.

"काका, अहो लिलाव चालू आहे."

"म्हनूनच तं ताई. समदे एका जागी सापडले. आजची फेरी वाचली माझी." मग आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं, "रंजी न्हाई आली?"

"नाही आली."

"बराबर," काका म्हणाले, पण हे 'बराबर' वेगळं होतं.

साहेबांनी मला जवळ बोलावलं. कोर्टाच्या हुकमानं मोडीत निघालेल्या संस्थांचं सामान विकण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. "बाई, हे गृहस्थ कोण? लोक यांना शिव्या का देतायत? मी काही करायला पाहिजे का?"

"काही करू नका साहेब," मी म्हटलं. "ती त्यांची रोजची वसुली आहे."

साहेबांना तेवढ्यावर लिलाव सुरू करावा लागला. तुम्हाला नीट सांगते.

पिग्मी म्हणजे रोजची बारीक बचत. आमच्यासारख्या दुकानदारांना महिन्याच्या शेवटी एकदम रक्कम टाकणं जमत नाही. म्हणून बँकेचा माणूस रोज संध्याकाळी दारात येतो, दहा-वीस-पन्नास जे असेल ते घेतो. आमच्या गल्लीत सायकलवर यायचे ते पिग्मीकाका. त्यांचं खरं नाव पासबुकावर एजंट म्हणून छापलेलं होतं, पण ते कुणी वाचलं नाही. माझं फॉल-पिकोचं दुकान त्यांच्या फेरीत शेवटचं. आले की ते पैसे मागायचे नाहीत. टोपी काढून नुसते उभे राहायचे. मी "आज राहू द्या, उद्या दोन दिवसांचे देते" म्हटलं की त्यांचं एकच वाक्य. "रोजचं रोज द्या ताई. साचलं की जड जातं मंग."

तसं पाहिलं तर ती पतसंस्था होती. बँक आम्ही आपली म्हणायचो. तिचा अध्यक्ष कसा दिसतो हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. आम्ही पैसे दिले ते काकांच्या तोंडाकडे बघून. अध्यक्षानं ते स्वतःच्या पाहुण्यारावळ्यांना कर्जाऊ दिले, पाहुण्यांनी हात वर केले आणि एका सकाळी शाखेला कुलूप लागलं. मी भरतकामाच्या मशीनसाठी साठवत होते. मोतीशेठचा तर दुकानाचा सगळा फिरता पैसा त्यात होता.

बाकीचे एजंट आपापल्या गावी पळाले. काका त्याच संध्याकाळी नेहमीच्या वेळेला गल्लीत आले. हातात रिकामी पिशवी. मोतीशेठच्या दुकानासमोर त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "बोला शेठ."

शेठ बोलले नाहीत. त्यांनी काकांची गचांडी धरली. सदऱ्याची दोन बटणं तुटून ज्वारीच्या ढिगात गेली. रशीदचाचांनी मध्ये पडून सोडवलं आणि सोडवून झाल्यावर स्वतः अर्धा घंटा झापलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. सदरा तोच, बटणं लावलेली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "शेठला परत धरायचा असंल तं सोपं पडंल."

अशी ती फेरी चालू झाली, ती इतकी वर्षं झाली तरी चालू आहे. दारात यायचं, टोपी काढायची, "बोला" म्हणायचं. कुणी गिऱ्हाइकात असलं आणि "आज सोडा काका" म्हणालं तर ते सोडायचे नाहीत. "रोजचं रोज देऊन टाका. रागाचं बी तसंच हाये. साचलं की जड जातं."

मोतीशेठ एकदा डोकं धरून बसले होते. "जा ना बाबा, आज लई ठणकून राह्यलंय."

"थोडंसं तरी शेठ."

"हरामखोर."

"बास?"

"बास."

"बराबर."

मला शिव्या येत नाहीत. माझा स्वभाव यादीचा. म्हणून मी मुद्दे काढून ठेवले होते. एक, तुम्ही चौकशी न करता आमचे पैसे घेतलेत. दोन, मशीन आता दीडपट महाग झालं. तीन, नवऱ्यासमोर माझी मान खाली गेली. मी ते नीट, क्रमानं बोलायची. काका हात जोडून ऐकायचे. एकदा मध्येच म्हणाले, "ताई, ह्यो कालचाच मुद्दा हाये."

मला हसू आलं. त्या दिवसापासून खरं तर माझा राग गेला. पण मी तसं त्यांना म्हटलं नाही, याचं कारण मोतीशेठ.

कोर्टानं नेमलेल्या माणसानं बँकेच्या मुख्य कचेरीची जागा विकली आणि ठेवीदारांना पहिला हप्ता वाटला. फार नव्हता, पण शेठची अडचण निघाली. त्या संध्याकाळी त्यांनी काकांना मोठ्या मनानं सांगून टाकलं, "जा बाबा. मिटलं आपलं."

"नक्की? सोचून बोला शेठ."

"नक्की. बिलकुल मिटलं."

"बराबर." काकांनी टोपी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून शेठच्या दुकानावरून ते सरळ पुढे निघून जायला लागले. मान वळवून बघेनात. चार दिवसांनी शेठ ओट्यावरून ओरडले, "अहो काका, चहा घ्या की!"

"न्हाई शेठ. खातं बंद झालं तुमचं. बंद खात्यावर जायचा हक न्हाई आपल्याला."

"मंग उघडा परत!"

"बँक कुठाय आता, खातं उघडायला?"

शेठ दिवसभर चिडचिड करत बसले. त्यांचा मुलगा दुकानात फोनवर असतो, सून वर असते, आणि संध्याकाळी ज्याच्याशी दोन शब्द होत होते तो माणूस समोरून जातो पण थांबत नाही. मला म्हणाले, "वैनी, मी याला माफ केलं आन् यानं मलाच वाळीत टाकलं."

त्यावरून आम्ही बाकीचे शहाणे झालो. रशीदचाचांचा राग पहिल्याच रमजानला संपला होता, पण ते गादीला टाके घालता घालता रोज नवी शिवी तयार ठेवतात. चांगली जमली तर आधी मला ऐकवतात. "कैसी है बाजी? जादा तो नै हुई?" मीही मुद्दे फिरवून फिरवून वापरते. काकांना हे कळतं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांची बायको बँक बुडायच्या आधीच वारली. स्वतःचं कमिशनही त्यांनी त्याच बँकेत ठेवलं होतं. शनी मंदिराच्या मागे एका खोलीत ते राहतात. फेरी नसली तर त्यांच्याशी दिवसभरात कुणी बोलेल असं मला वाटत नाही.

राहिली रंजना. ती त्यांची एकुलती एक मुलगी, जाफराबादला दिलेली. तिच्या सासरच्यांनी कापसाचे पैसे काकांच्याच शब्दावर आमच्या बँकेत तिच्या नावावर ठेवले होते, धाकट्या नणंदेच्या लग्नासाठी. बँक बुडाली, ठरलेलं लग्न मोडलं. नणंदेचं पुढे दुसरीकडे जमलं, पण रंजना त्या दिवसापासून बापाशी बोलली नाही. काका दर गुरुवारी एसटीनं जाफराबादला जातात. तिच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे. तिथं टोपी काढून उभे राहतात. ती बाहेर येत नाही. शेवटच्या गाडीनं ते परत येतात.

"सासू बोलती, जावई बोलतो," काका मला एकदा म्हणाले. "जावयानं तं भर चौकात झापलं, आन् मिटलं बी म्हन्ला. पन ही एक अक्षर काढंना. समद्यात जास्ती तिचंच साचलंय ताई. कसं पेलत असंल?"

लिलावाच्या दिवशी तिजोरी भंगाराच्या भावात गेली. साहेबांनी सांगितलं की शेवटचा हप्ता निघेल, पण प्रत्येक ठेवीदाराची सही पाहिजे. सगळ्यांच्या सह्या जागेवर झाल्या. एक राहिली, रंजनाची. ती आणायचं काम अर्थातच चिटणिसाकडे आलं.

काका मला सोडायला दुकानापर्यंत आले. आले म्हणजे हळूहळू आले. हल्ली त्यांच्या पायांना सूज असते, सायकल ते नुसती हातात धरून चालवतात. "ताई, तुम्ही जाऊन राह्यल्या तं तिला एवढं म्हना. बाप समोर उभा असतो. एकदा तोंड भरून बोल. हात उचलला तरी चालंल. माझ्यानं आता एसटीच्या पायऱ्या चढनं होईना. एकदा बोलली की सुटंल ती."

मी ते माझ्या यादीत लिहून घेतलं आणि शुक्रवारी जीपनं जाफराबादला गेले.

रंजना चाळिशीची, बापासारखीच उभट चेहऱ्याची. तिनं पाणी दिलं, सही दिली, चहा टाकला. सासूबाई आत शेंगा फोडत होत्या. मी कामाचं बोलून झाल्यावर निरोप सांगितला, जसाच्या तसा. ती चहा गाळत होती, तिचा हात थांबला नाही.

"बोलले असते कव्हाच," ती म्हणाली. "दोन वर्षं खरंच राग होता. मंग गेला. आत बसल्यात त्या आत्याबाई बी म्हनतात, बोल गं, म्हातारं मानूस हाये."

"मग?"

"ताई, तुम्ही तं रोज बघता त्याला. मी बोलले की तो काय म्हनंल?"

मी सहीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"'बराबर' म्हनंल, टोपी घालंल आन् जाईल. परत येनार न्हाई. माय गेली तव्हा तेराव्याला समद्याइला सांगत होता, झालं बराबर, झालं बराबर. त्यानंतर तिचं नाव काढलं न्हाई कधी. संपलेल्या घरात त्याला पाऊल टाकता येत न्हाई. मी बोलत न्हाई म्हनून तं येतो दर गुरुवारी."

"आणि तू?"

"मी खिडकीत असते की. गिरणीवाल्याला सांगून ठेवलंय, त्याला बाकडं द्या, दोनदा चहा द्या. पैसे मी देते. काल चप्पल पायात बसत नव्हती त्याची. हातात घेऊन आल्ता." तिनं कप माझ्यापुढे ठेवला. "त्याला सांगायचं का न्हाई ते तुम्ही बघा. मला तं काही सुधरंना. बोलले तरी जातो हातचा, न्हाई बोलले तरी त्या पायऱ्या चढता चढता जाईल एक दिवस."

परतीच्या जीपमध्ये मी नेहमीसारखा विचार करून बघितला. सांगितलं तर काय, न सांगितलं तर काय. दोन रकाने केले. दोन्हीकडे एकच ओळ आली.

शनिवारी संध्याकाळी काका दुकानात आले. टोपी काढली, पण "बोला" म्हणाले नाहीत. पिकोच्या मशीनला धरून उभे राहिले. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी उगाच दोऱ्याची रिळं लावत बसले.

"काय म्हन्ली?"

"सही दिली, काका. घरात पाहुणे होते, निवांत बोलता नाही आलं. पुन्हा जाईन मी."

"बराबर." त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. "रंग कसा वाटला तिचा? बरी हाये?"

"बरी आहे. तुमच्यासारखी दिसते."

"न्हाई न्हाई. मायसारखी हाये ती." मग त्यांना आठवलं. "हां, आजचं राहिलं तुमचं. बोला."

मी मुद्दा क्रमांक दोन बोलले. मशीन आता दुप्पट महाग झालं आहे.

त्यानंतर शेवटचा हप्ता वाटून झाला. साहेबांनी शाखेची फाईल बंद केली, ठेवीदार समितीही विसर्जित झाली. माझ्या यादीतली सगळी कामं खोडली गेली, एक सोडून. महिना बदलला की मी जुनं पान फाडते आणि तेवढी एक ओळ नव्या पानावर उतरवून घेते: काकांना रंजनाचं सांगणे. उद्या गुरुवार आहे.