नानांच्या हवेचं वेळापत्रक

आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत वाऱ्याला परस्पर शिरता येत नाही. आधी त्याला नानांकडे हजेरी द्यावी लागते. रोज सकाळी नाना गच्चीवर ओलं बोट वर धरून उभे राहतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगतात, "असोद्यानी हवा लागेल शे. खिडक्या लावी ल्या!" कधी म्हणतात, "धुळ्यानी हवा आज लेट शे. कपडा वाळत घाला."

नाना आयुष्यभर बस स्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारणारे कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर हाताशी गाड्या उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी हवा हाती घेतली.

मी त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. एका शाळेत शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, विषय वनस्पतिशास्त्र. त्या पदवीचा नानांइतका मान कुणी ठेवला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी अंगणातल्या निंबाची मोहरलेली फांदी माझ्यापुढे धरली.

"सर, यानामा काय काय दोष शे, सांगा."

"नाना, निंब आहे हा. याचे गुणच सांगतात सगळे."

"ते बठ्ठं ठीक. दोष सांगा."

कारण नंतर कळलं. नानी गेल्यापासून नाना एकटेच. एकुलती लेक सुनीताताई धुळ्याला असते. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, माहेरवाशिणींच्या सणाला ती माहेरी आली होती, सोबत तिची छोटी पिहू. आखाजीचा झोका निंबाला बांधलेला, निंब मोहरलेला. पिहूचं नाक वाहू लागलं, डोळे लाल झाले आणि ती ते सारखे मिचकावू लागली. मग एक खांदाही उडू लागला.

शेजारच्या ताराअक्कांनी नजर लागल्याचं ठरवलं आणि मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. खरी नजर असली तर मिरचीचा ठसका लागत नाही, असा अक्कांचा नियम. त्या दिवशी अर्धी गल्ली खोकली. "म्हणजे नजर नव्हतीच," असं सांगून अक्का घरी गेल्या. पिहूला मात्र संध्याकाळपर्यंत डोळे उघडता येईनात. नाना तिला "नको करू, नको करू" म्हणत राहिले, तसतसा खांदा जास्तच उडू लागला. दुसऱ्या दिवशी सुनीताताई परत गेली. आखाजीला आलेली लेक सण व्हायच्या आत निघून जाते, याचा अर्थ खानदेशात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की लहानपणी अशा लकबी येतात आणि बऱ्याचदा आपोआप जातात. पोरगी मुद्दाम करत नाही. या दिवसांत तिला ॲलर्जीही होते, तिचं औषध देऊ. दोन्हींचा संबंध असेलही, नसेलही. मात्र तिला टोकू नका, त्याकडे लक्ष देऊ नका.

यंदा सुनीताताईने फोनवर हे सगळं सांगितलं आणि ती म्हणाली, "नाना, एकदा येऊन बघते. तिला पुन्हा त्रास झाला तर आखाजी आम्ही धुळ्यालाच करत जाऊ."

"असेलही, नसेलही" नानांना पटलं नाही. त्यांच्या हिशेबी गाडी येते, नाहीतर रद्द होते. म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी तयारी केली. अंगण रोज पाण्याने धुतलं. खिडक्यांना ओले पडदे लावले. झोका निंबावरून काढून पोर्चच्या लोखंडी अँगलला बांधला.

"नाना, गाडी डेपोमाच लाई दिधी का?" गल्ली हसली.

"हसा. ते बठ्ठं ठीक."

लक्ष न देण्याची तयारी याहून मोठी होती. नाना घरोघर गेले. ताराअक्कांपुढे उभं राहून त्यांनी स्वतः डोळे मिचकावले, खांदा उडवला.

"अक्का, मी काय करस?"

"डोळे मिचकावतस."

"चूक! मी काहीच नही करस. परत सांगा."

माझ्याकडून त्यांनी हा सराव इतका करून घेतला, की शाळेत मी मुख्याध्यापकांकडेही बघेनासा झालो.

आखाजीच्या सकाळी रिक्षा थांबली. पिहू उतरली तेव्हा सगळी गल्ली आभाळाकडे बघत होती. अक्का भिंतीशी बोलत होत्या. पिहूनेही वर पाहिलं.

"आई, विमान आहे का?"

उत्तर द्यायला तिच्याकडे बघावं लागलं असतं.

औषधाने नाक वाहायचं थांबलं होतं. डोळ्यांचं कमी झालं की तेवढंच आहे, हे सांगता येत नव्हतं, कारण बघतच कुणी नव्हतं. नानांनी तिला खापरावरची पुरणपोळी वाढली ती ताटाकडे बघत. तिच्या वाटीत आमरस ओतला तो भिंतीकडे बघत. थोडा सांडलाही. झोका दिला तो मागून.

दुपारी मी जिन्यावर बसलो होतो. सुनीताताई दारात उभी होती. तिची बॅग उंबऱ्याजवळ तशीच होती, न उघडलेली. पिहूने पाय टेकवून झोका थांबवला.

"नाना, तुम्ही माझ्यावर रागावले का?"

"नही वं बेटी."

"मग माझ्याकडे बघत का नाही? मी डोळे असे असे करते म्हणून?"

नानांनी दोराकडे पाहिलं, मग वर अँगलकडे. "डॉक्टरनी..." एवढंच म्हणाले. मग पुढे आले आणि दुखरे गुडघे मोडून तिच्यासमोर जमिनीवर बसले. वर्षभर ज्या चेहऱ्याची वाट पाहिली, त्याच्याकडे त्यांनी आता कुठे नीट बघितलं. पिहूचे डोळे भराभर मिचकले, खांदा उडाला. नाना बघतच राहिले.

"अरे," ते म्हणाले, "तुना पुढला दात कव्हय पडना?"

"मागच्या आठवड्यात!" पिहूने ओठ वर करून मोकळी जागा दाखवली. "तुम्हाला दिसावा म्हणून तर सकाळपासून हसतेय मी."

नानांनी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि ती जागा बराच वेळ तपासली. सुनीताताईने उंबऱ्याजवळची बॅग उचलली आणि आत नेली.