नळ फुटतो तेव्हा राक्षस थांबत नाही

जावईबापूंनी गेमच्या कंपनीला आजवर पुष्कळ मेल पाठवले होते. पोतडीतल्या वस्तू आपोआप नीट लागाव्यात. चुकून विकलेली तलवार परत घेता यावी. आणि प्रत्येक मेलच्या शेवटी, ठळक अक्षरांत: कृपया खेळ मधेच थांबवायला पॉजचं बटण द्या. कंपनीकडून दर वेळी तेच उत्तर यायचं, 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.' या उत्तराचा त्यांना फार राग यायचा. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल बायको बोलायची तेव्हा ते स्वतः 'बघतो' म्हणायचे, तो भाग निराळा.

त्या रविवारी ते दुपारपासूनच हेडफोन पुसत बसले होते. एरवी ते थोरल्या भावाच्या चष्म्यांच्या दुकानात काचा घासत. दुकानात भावाचं चालायचं, घरात बायकोचं, आणि मुक्कामाला आलेल्या सासूबाईंचं सगळ्यांवर. 'जावईबापू' हे नावही त्यांनीच घरात रूढ केलं होतं. गेममध्ये मात्र ते 'रणधुरंधर' होते. तिथे माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी लढायची, म्हणून लढाई कुणा एकासाठी थांबायची नाही. गटाचा जुना नायक 'वज्रदंत' आता नायकपद सोडणार होता. रणधुरंधराने आज गटाला किल्ल्यात नेऊन राक्षस पाडून दाखवला, की ते पद त्याचं. जन्मात एकदा तरी चार माणसांनी आपलं ऐकावं, एवढीच जावईबापूंची इच्छा होती.

किल्ल्याचं दार पाचला उघडायचं आणि अर्ध्या तासात मिटायचं, ते थेट पुढच्या रविवारी. पाचच्या आधीच सगळे वीर डोंगरावर दारापाशी जमले.

"सगळ्यांनी फॉलो दाबा," रणधुरंधर भारदस्त आवाजात म्हणाला. या गेममध्ये एवढी एकच सोय धड होती. ते बटण दाबलं की आपला वीर नायकामागून मुकाट चालायचा. नायक वळला की वळायचा, थांबला की थांबायचा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, तुमचं 'बघतो' फुटलं."

"पाच मिनिटं."

"मला काय सांगता, पाण्याला सांगा. ते निघालंय हॉलकडे."

जावईबापू उठले, बसले, पुन्हा उठले. शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. जावईबापूंनी आपला हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर चढवला. "आई, इथे फक्त बसा. कशाला हात लावू नका."

"आणि कुणी काही विचारलं तर?"

"आलो म्हणून सांगा."

सासूबाई बसल्या. पडद्यावर बर्फ पडत होता. धिप्पाड वीर उघड्या दंडांनी उभे होते आणि त्यांच्या तोंडांतून वाफा निघत होत्या. माणसं दारात थंडीत उभी आहेत आणि आपण बसून बघतोय, हे सासूबाईंना आजवर कधी जमलं नव्हतं. खाली दरीत एका सराईच्या खिडकीत दिवा दिसत होता. कीबोर्डवर बाण होते. बाण दाखवतो तिकडे जायचं, हे काही कुणी शिकवावं लागत नाही. रणधुरंधर वळला आणि डोंगर उतरू लागला. मागून सगळं सैन्य.

"रणधुरंधर, किल्ला वर आहे," कानात एक घोगरा आवाज म्हणाला.

"आलो," सासूबाई म्हणाल्या.

"कोण बोलतंय?"

"मी त्यांची सासू. ते नळापाशी आहेत. तुम्ही आधी शेकोटीपाशी चला. नाव काय बाळ तुझं?"

"कर्दनकाळ."

"बरं. आणि करतोस काय, कर्दनकाळ?"

"बेकरी आहे, काकू." मग जरा चाचरत, "खरं म्हणजे भट्टीत पाव आहेत. वास येतोय जळल्यासारखा."

"मग इथे काय करतोस? जा, बघून ये."

"इथे असं मधेच जाता येत नाही, काकू. कुणीच जात नाही."

"मी बसलेय ना. तुझा इथला वीर काही पळून जात नाही."

कर्दनकाळ गेला. लगेच एक बारीक आवाज आला. ही 'रक्तपिपासू'. दिवसभर इस्पितळात नर्स असायची. "काकू, मीही जाऊ? बाळ उठलंय मघाचंच."

"मघाचंच आणि तू इथे? जा, आणि कडेवर घेऊनच बस."

शेवटी खुद्द वज्रदंत खाकरला. "काकू, मलाही जरा... आत जाऊन यायचं होतं."

"कधीपासून?"

"तीनपासून."

"अरे कर्मा. पळ."

इकडे जावईबापू पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून, सिंकखाली आडवे पडले होते. मुख्य कॉक गंजून बसला होता, आणि बायको शेजाऱ्यांकडून पाना घेऊन आली होती.

"तिकडे माझं नायकपद जातंय," ते म्हणाले.

"इकडे हॉल जातोय. अंगठा हलवू नका."

कॉक फिरून पाणी थांबलं तेव्हा किल्ल्याचं दार मिटायला दहाएक मिनिटं उरली होती. जावईबापू निथळत खोलीत आले आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं. किल्ला ओसाड. सगळे वीर सराईत, शेकोटीभोवती मांड्या घालून.

"आई, हे काय केलंत?"

"बसवलं. सगळे जाऊनही आलेत. आता न्या कुठे न्यायचंत ते."

जावईबापूंनी हेडफोन परत घेतला. रणधुरंधराने सगळ्यांना धावत डोंगर चढवला आणि मिटत्या दारातून आत घुसवलं. आणि राक्षस पडला. आजवर कर्दनकाळचं नाक भट्टीकडे असायचं, रक्तपिपासूचा एक कान पाळण्याकडे, आणि वज्रदंताचं लक्ष कुठे असायचं ते सांगायला नको. आज सगळेच्या सगळे किल्ल्यात होते.

जल्लोष ओसरल्यावर वज्रदंत म्हणाला, "सगळ्यांचं एकमत झालंय. आजपासून नायकपद..."

"मी आपला आभारी..."

"...काकूंकडे. रस्ता तूच दाखव रे, तो तुलाच माहीत आहे. पण काकू पाहिजेत."

जावईबापूंनी हेडफोन हळूच खाली ठेवला. वाईट वाटायला हवं होतं, पण शोधूनही सापडेना. आपणही मधेच उठून गेलो होतो, नळ बंद करून आलो होतो, आणि राक्षस आपल्यासाठी शिल्लक होता. असं याआधी कधी झालं नव्हतं.

"झालात का नायक?" बायकोने फरशी पुसत विचारलं.

"आई झाल्या."

"मी कसली होतेय," सासूबाई मटारांकडे वळल्या. "परवाचं माझं परतीचं तिकीट आहे. जावईबापूंनीच काढलंय, किती तत्परतेने."

"ते रद्द करतो," जावईबापू म्हणाले. "आत्ताच."

बायकोचा पोछा थांबला. "'बघतो' नाही म्हणालात," ती म्हणाली.

कपडे बदलून आल्यावर त्यांनी कंपनीला मेल लिहिला: 'पॉजच्या बटणाची विनंती मागे घेत आहे. घरचंच मिळालं. पोतडीचं तेवढं बघा.' बोट उचलायच्या आत उत्तर आलं. त्यांनी ते सासूबाईंना वाचून दाखवलं, 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.'

सासूबाईंचा सोलता हात थांबला. "रविवारचेसुद्धा कामावर आहेत बिचारे," त्या म्हणाल्या. "त्यांना लिहा, जरा उठून पाय मोकळे करून या म्हणावं. मी बसलेय."