हिना मुराळी कोन?

पडद्यावर शहर जळत होतं. काळ्या चामड्याच्या पोशाखातली बाई राक्षसाच्या छातीवर पाय देऊन उभी होती. माझी लेक पियू श्वास रोखून बसली होती. तेवढ्यात शेंगा फोडता फोडता मंजुळाआक्काने विचारलं, "पन मास्तर, आखाजीले हिना मुराळी कोन?"

झालं! राक्षस परवडला, पण आक्काचा प्रश्न नको.

आक्का आमची शेजारीण. लोणखेड्यात तिचं आणि आमचं घर एका भिंतीला टेकलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ती माणसांना त्यांच्या कामानेच हाक मारते. मी शाळेत शिकवतो म्हणून मी मास्तर. रविवारी दुपारी पियू टीव्हीवर हे उडणाऱ्या-मारणाऱ्यांचे हिंदीत बोलणारे सिनेमे लावते आणि आक्का भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन हजर होते. शेंगा आम्हाला, टरफलं तिच्या शेरड्यांना आणि बोलणं सगळ्या जगाला!

"झिप्र्या बांध ना वं माय! डोयामा जातीन!" हे डोळ्यांवर केस मोकळे सोडून लढणाऱ्या बाईला. "या उच्या चपलास्वर पयीस का कोनी?" हे तिच्या उंच टाचांवरून पळण्याला. चामड्याचा अंगाला चिकटलेला पोशाख पाहून तर ती हळहळते. म्हणते, एकदा वैशाखात शहाद्याला आण हिला, आपोआप लुगडं नेसेल. बाप्यांच्या पोशाखाला खिसे असतात, हिच्या नाही, हेही तिनेच शोधलं. आणि पाच बाप्यांमध्ये एकच बाई का, बाकीच्या काय चुलीपाशी आहेत का, असं तिने विचारलं तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरातून जोरात हसली.

एकदा त्या बाईने जखमी गड्याला मलमपट्टी केली. पुढे तिला लागलं, तर ती आपली आपणच उठून चालू लागली. आक्का सूप आपटून म्हणाली, "तिले कोनी घोटभर पानी बी नही इचारं!" त्या दिवशी तिने पुढचा सिनेमा पाहिलाच नाही.

पण हिचा मुराळी कोण, हा प्रश्न मात्र दर सिनेमाला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरची लेक माहेरी जाते. पण आपली आपण नाही जात. भाऊ नाहीतर बाप न्यायला येतो, तो मुराळी. तो येईपर्यंत लेकीचे डोळे रस्त्याला.

पियू वैतागून म्हणाली, "आक्का, ती उडते! तिला न्यायला कशाला कोण हवं?"

"उडता ते चिडीले बी येस," आक्का ओट्यावरच्या चिमणीकडे बघत म्हणाली. "पन कोनी लेवाले येवाले पाहिजे ना, बेटा."

आक्काचं माहेर तापीकाठचं. तिचा भाऊ आधी बैलगाडीने यायचा, मग सायकलने, शेवटी लुनावर. तो काडीसारखा आणि आक्का भरभक्कम. चढ आला की लुना दम टाकायची, आक्का उतरून मागून ढकलायची. "मुराळीले मीच माहेरले लयी जाऊ!" सांगताना ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसते. मग निंबाला बांधलेले झोके, सांजोऱ्या, नदीवरची गाणी, दोन काठांवरच्या पोरींचं लटकं भांडण, सगळं निघतं. ते ऐकताना मलाही माझ्या बहिणींची आखाजी आठवते आणि रिमोट हातातच राहतो.

पुढे भाऊ वारला. भाचे सुरतेला गेले, तापीकाठच्या घराला कुलूप लागलं. मागच्या आखाजीला आक्काने मोबाईल माझ्यापुढे धरला होता. "पाहा मास्तर, भाचानी आंबा धाडा." शुभेच्छांच्या चित्रात एक पिवळाधमक आंबा होता. आम्ही दोघं हसलो खरं, पण ती दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघत होती, हे मी पाहिलं.

यंदा आखाजीच्या सकाळी पियूनेच फर्मान काढलं. "बाबा, टोपी घाला आणि स्कूटर काढा."

"अगं, आक्काला आणायला स्कूटर कशाला? ती भिंतीपलीकडे तर राहते!"

"मुराळी चालत येतो का?"

बायकोने टोपी आणून डोक्यावर ठेवली. दहा पावलांसाठी मी स्कूटर चालू केली आणि आक्काच्या दारात हॉर्न दिला. मग तिच्याच बोलीत न्यायला आल्याचं सांगितलं. "आक्का, लेवाले उनू मी."

दार लगेच उघडलं. आक्का नवं लुगडं नेसून उभी होती आणि हातात भरलेली पिशवी होती.

"अगं, तुला कोणी सांगितलं मी येणार म्हणून?"

"कोनीच नही. मी दर आखाजीले भरी ठेवस."

तिने पिशवी माझ्या हातात दिली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "कितला उशीर करा रे, भाऊ!"

मी स्कूटर आमच्या दाराकडे वळवली, तर तिने खांद्यावर चापट मारली. सरळ घरी काय नेतोस, गावातून ने! मग आम्ही सगळ्या लोणखेड्याला वळसा घातला. कोणी विचारो न विचारो, आक्का दारादारातल्या बायांना ओरडून सांगत होती, "माहेरले जास वं माय, मी माहेरले जास!"