सानप डॉक्टरांचं अनुमोदन

आमच्या शेजारचे सानप डॉक्टर वांगी घेतानाही अनुमोदन मागतात. पाटोद्याच्या बाजारात टोपलीपुढं उभं राहून म्हणतात, "ही वांगी घ्यावीत, असं मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?"

भाजीवाली म्हणते, "मी देते, पर आधी पिशवी धरा."

ही खोड त्यांना संघटनेनं लावली. तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांची संघटना आहे, हे तिचे अध्यक्ष. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या दवाखान्यात मीटिंग असते. भर उन्हाळ्यातही कोट घालून बसतात. चहा मी करते, कारण त्यांच्या हातचा चहा काढ्यासारखा लागतो.

मला आधी वाटायचं, ही माणसं फी वाढवायला जमतात. एकदा चहा देताना कानावर आलं. एक डॉक्टर मान खाली घालून सांगत होते, "साधा खोकला समजून औषध देत राहिलो, निघाला टीबी." कोणी हसलं नाही. त्यांचा नियमच तसा. ज्याला जे कळलं नाही, ते त्यानं सगळ्यांपुढं सांगायचं. मला पटलं. आमच्या भजनी मंडळात चुकलेला सूर कोणी कबूल करत नाही.

पुढं मंडळी पांगली. कोणी लेकाकडं पुण्याला गेलं, कोणी वारलं. नवे डॉक्टर म्हणतात, "सर, मोबाईलवर ग्रुप हाय की!"

परवाच्या रविवारी किटली घेऊन गेले, तर खुर्च्या मांडलेल्या आणि डॉक्टर एकटेच कोट घालून उभे.

"बसा, सोजरबाई," म्हणाले. मग रिकाम्या खुर्च्यांकडं बघून बोलले, "सदस्य येत नाहीत, म्हणून संघटना बंद करावी, असं मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?"

"येड लागलं का, डॉक्टर? मी कुठं तुमच्या संघटनेत हाय?"

"दुसरं कोणी नाहीच ना."

"पर बंद कावून करता?"

ते खाली बसले. "पेशंट समोर असतो आणि काही उमगत नाही. बायको होती तोवर तिला नुसतं सांगितलं तरी बरं वाटायचं. मग रविवारची वाट बघायला लागलो. आता रविवारीही कोणी येत नाही."

मला रडकी माणसं आवडत नाहीत. मी चहा ओतला.

"अनुमोदन मिळणार न्हाई. मी चौथी शिकलेली, पर मला कान हायेत. सांगा, या महिन्यात काय कळलं न्हाई?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. कोट काढून खुर्चीला अडकवला.

"ऊसतोडीवरून आलेली एक बाई हाय. नाव सांगायचं नसतं."

"नका सांगू," म्हटलं आणि चहावर बशी झाकली.