उन्नतीनं पाळलेली चौथी आज्ञा

‘टण्ण!’

पहाटे पावणेपाचला स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं आणि क्वार्टरमधली शांतता मोडली. अनुजानं डोळे न उघडताच ठरवून टाकलं, की उंदीर आहे. उंदरानं फार तर मूठभर पोहे खाल्ले असते. उठलं तर तिची अर्ध्या तासाची झोप गेली असती. उंदीर स्वस्त पडत होता. ती कुशीवर वळली.

सव्वापाचला प्रफुलची हाक आली. "अनुजा, माहा गेटपास कुठी आहे?"

"शर्टाच्या खिशात."

"शर्ट आहे. खिसा बी आहे. पास नाही."

अनुजा ताडकन उठली. तिचा नवरा प्रफुल प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. सकाळची शिफ्ट सहाची, आणि गेटपासशिवाय गेटवरचा जवान स्वतःच्या सासऱ्यालाही आत सोडत नाही. बरं, प्रफुल गेला नाही तर रात्रभर क्रेनवर बसलेल्या टिकारामला खाली उतरता येत नव्हतं. बदली माणूस आल्याशिवाय क्रेन सोडायची नाही, असा नियमच होता. नेमके आज आठ वाजता बोरसीहून टिकारामच्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते. "रविवारी लेट नको करजो बाबू," असं तो प्रफुलला आठवडाभर बजावत होता.

शोधाशोध सुरू झाली. गादी उलटली, स्कूटरची डिक्की उपसली, वॉशिंग मशीनमध्ये डोकं घालून झालं. तिच्या सासूबाई सुशीलाबाई आधी चष्मा शोधायला लागल्या, म्हणजे मग चष्म्यानं पास शोधता येईल.

या गडबडीत अनुजाचं लक्ष पलंगाकडे गेलं. एरवी तीन हाका आणि एक धमकी खाल्ल्याशिवाय न उठणारी सात वर्षांची उन्नती चर्चचा पांढरा फ्रॉक घालून, हाताची घडी करून बसली होती.

"उन्नती, पप्पांचा गेटपास पाहिला काय तू?"

"हो."

"कुठी आहे?"

"नाही सांगत. झूठ बी नाही बोलत, अन् सांगत बी नाही."

"कावून?"

"आज प्रभूचा दिवस आहे. काम नाही करायचं. तूच तर शिकवलं. बायबलमधली चौथी आज्ञा."

अनुजा तिच्याशेजारी पलंगावर बसली.

तीन महिन्यांपूर्वी चर्चच्या संडे स्कूलचा वर्ग तिनं स्वतः मागून घेतला होता. आधी मुलं तासभर कोकरांच्या चित्रात रंग भरायची आणि बिस्किट खाऊन घरी जायची. तिनं पाळकसाहेबांना सांगितलं होतं, "पोरांना श्रद्धा खेळण्यासारखी देऊ नका. त्यांना समजतं." मागच्या रविवारी तर तिनं टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, "आज्ञा नुसती पाठ नका करू. घरी जाऊन पाळा!" बावीसच्या बावीस मुलांनी माना डोलावल्या होत्या. तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं.

"एक धपाटा दे तिले," प्रफुल म्हणाला. "पाच पंचवीस झाले."

"धपाटा कशाचा? शिकवलं ते केलं, याचा? दहा वाजता त्याच वर्गात उभं राहायचं आहे मले."

"मंग मी तेजरामले सांगतो, टिकारामले आधी तू सोडव म्हणून." तेजराम शेजारच्या लाइनमध्ये राहायचा, त्याच शिफ्टमध्ये क्रेन चालवायचा. प्रफुलनं फोन स्पीकरवर लावला.

"अरे बाप्पा, मीच घरी अडकून राहिलो!" पलीकडून तेजराम ओरडला. "आमच्या मोनूनं सेफ्टी शूज पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले. म्हणते, टीचरनं सांगितलं घरी पाळा! वैनी आहे काय तिथी? फोन दे जरा."

अनुजानं फोनकडे पाठ केली. बाविसातली दोन झाली. उरलेल्या वीस घरांत या घडीला काय चाललं असेल, याचा विचार तिनं केला नाही.

पाच पस्तीस. ती उन्नतीसमोर जमिनीवर बसली.

"हे पाह्य बेटा. तू देवाचं ऐकलं, ते बरोबर केलं. मी रागावत नाही. पण त्याच दिवसाबद्दल प्रभूनं आणखी एक सांगितलं आहे. विश्रांतीच्या दिवशी कोणाचा बैल विहिरीत पडला, तर तो काय दुसऱ्या दिवसाची वाट पाहीन?"

उन्नतीनं विचार केला. "नाही. लगेच काढन."

"मंग?"

"पप्पाच्या प्लांटमधी बैल आहे?"

"टिकाराम आहे ना," सुशीलाबाई मध्येच म्हणाल्या. चष्मा सापडला होता.

"टिकाराम काका विहिरीत पडले?"

"उलटं व माय. वर चढला आहे," प्रफुल घड्याळ बघत म्हणाला. "रातभर क्रेनवर. मी गेलो तरच उतरते. अन् त्याच्या घरी पाहुणे येऊन राहिले."

"आणि देवानं सहा दिवस काम अन् एक दिवस विसावा सांगितला," अनुजा म्हणाली. "पप्पाचा तो दिवस बुधवारी येते. त्या दिवशी आपण सगळे मिळून प्रार्थना करू. पक्कं."

उन्नतीनं आईच्या डोळ्यांत नीट पाहिलं. टीचर आणि मम्मी दोघीही खरं बोलत आहेत अशी खात्री झाली, तशी ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पोह्यांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून गेटपास बाहेर काढला.

"मोनूलेही बैलाचं सांगा हो!" अजून चालूच असलेल्या फोनमधून तेजराम काकुळतीला आला. मोनूला बैल लगेच पटला. बूट मात्र ओलेच होते. पावणेसहाला दोघं एकाच स्कूटरवर निघाले. प्रफुलच्या खिशातून पोहे सांडत होते, आणि मागे बसलेल्या तेजरामच्या बुटांतून पाणी.

सहा वाजून सात मिनिटांनी टिकारामचा फोन आला. "उतरलो वैनी! देव तुमचं भलं करो!" अनुजानं त्याला बैलाचं काही सांगितलं नाही.

घर पुन्हा शांत झालं. तिनं कढईत फोडणी टाकली. उन्नती ओट्याखाली पाट घेऊन वही उघडून बसली. अनुजानंच वर्गाला घरचा अभ्यास दिला होता, घरातल्या प्रत्येकाचा विश्रांतीचा दिवस लिहून आणा. ‘पप्पा – बुधवार’ असं वळणदार अक्षरात उतरलं. "आजी, तुहा?"

"लिही, सातही," सुशीलाबाई बाहेरून म्हणाल्या. "रिटायर झाली मी."

"पोह्याच्याच डब्यात कावून लपवला व तू?" पोहे भिजवता भिजवता अनुजानं हसत विचारलं.

"मले वाटलं, आज रविवार आहे, तर किचन बंद राहीन. इथी कोणी येनच नाही." उन्नतीनं पुढच्या ओळीत ‘मम्मी’ लिहिलं, बारीकशी रेघ ओढली आणि पेन्सिल तिथंच टेकवून मान वर केली.

"मम्मी, तुहा वीकली ऑफ कोणत्या दिवशी असते?"