पांडुरंगकरवी शांती

ज्या मंडळीत भांडण होत नाही, तिच्यावर एकतर देवाची कृपा असते, नाहीतर तिथे कार्यक्षम समिती असते. हुबळीच्या विद्यानगरातल्या मराठी चर्चला दोन्ही लाभली आहेत. (आधी कृपा आली की समिती, याविषयी दोन मतं आहेत. ती वेगवेगळ्या बाकांवर बसतात.)

सौजन्य समितीचे संस्थापक म्हणजे सुमंत पाटोळे, सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. नियमावली त्यांच्याच हातची, आणि हेडक्लार्कच्या हातची नियमावली म्हणजे तिच्यातून मुंगीलाही पळवाट नाही.

समिती जन्मली ती पंख्यांमुळे. नऊ वर्षांपूर्वी, ऐन एप्रिलात, मंडळीच्या सभेपुढे प्रश्न आला: प्रार्थनेच्या वेळी पंखे चालू असावेत की बंद? चालू ठेवले तर खडखडाटात 'आमेन' कधी म्हणायचं ते कळेना. बंद केले तर नरकाची कल्पना प्रवचनाविनाच येई. सुमंतराव चालूच्या बाजूचे. त्यांचा धाकटा भाऊ नारायण, गोकुळ रोडवर लेथचं वर्कशॉप चालवणारा, बंदच्या बाजूचा.

"अण्णाला पंखा देवासाठी नको, झोपेसाठी हवाय," नारायण भर सभेत म्हणाला.

हे खरं होतं, म्हणून फार लागलं.

"तू प्रार्थनेला उभा राहिलास की माणसाला झोपेशिवाय दुसरा आधार काय रे?" अण्णा म्हणाले. हेही खरं होतं.

झालं! दोघं भाऊ बोलेनासे झाले, अर्धं चर्च याच्यामागे, अर्धं त्याच्यामागे. आता शास्त्र सांगतं, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर आधी जाऊन समेट कर, मग वेदीपाशी ये. म्हणजे भांडण आहे असं कबूल केलं की वेदीपाशी मिळणारं प्रभुभोजन बंद. समेट करावा तर आधी कुणी वाकायचं? सुमंतरावांनी यातून जो मार्ग काढला तो पाहायला आता बाहेरगावचे पाळक येतात. नियम पहिला: या मंडळीत भांडण नाही. बाकीचे नियम त्याच्या व्यवस्थेसाठी आहेत. डावीकडचे पंखे चालू, उजवीकडचे बंद. मधली वाट कुणी विनाकारण ओलांडू नये. 'भांडण' न म्हणता 'वेगळा कल' म्हणावं.

अडचण एकच उरली. उपासनेत एका ठिकाणी पाळकसाहेब म्हणतात, "एकमेकांना शांती द्या," आणि सगळ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी हात मिळवायचे असतात. त्यासाठी पांडुरंगची नेमणूक झाली. दुर्गदबैलच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान, स्वभाव गरीब, आणि त्याला पंख्याचं काहीच वाटत नाही (असा मंडळीत तो एकटाच). तो उजवीकडच्यांचे हात हातात घेतो, वाट ओलांडतो आणि तीच शांती डावीकडच्यांना नेऊन देतो. मग परतीची फेरी. शांती वाटेत सांडल्याची तक्रार अद्याप नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यंदा बातमी आली, की नारायण वर्कशॉप विकून मुलीकडे बंगळूरला कायमचा चालला. रविवारची उपासना झाली की थेट स्टेशनवर. त्याला हृदयाचा त्रास होता, म्हणजे पुन्हा येणं कठीणच. या भावाला सुमंतरावांनी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं होतं. ते शनिवारी समितीच्या चिटणीस वनिताबाईंकडे गेले. वनिताबाई माजी मुख्याध्यापिका. त्यांनी आधी चहा दिला.

"मला नारायणशी समेट करायचाय."

"म्हणजे भांडण आहे?"

"आहे ना! अख्ख्या हुबळीला ठाऊक आहे."

"अण्णा, भांडण आहे म्हटलं तर नऊ वर्षं तुम्ही प्रभुभोजन कसं घेतलंत? आणि आम्ही? सगळ्या मंडळीलाच दोष लागेल."

सुमंतराव गडबडले. "बरं, भांडण नाही."

"मग समेट कशाचा? इरली बिडा, असू द्या हो, अण्णा. इतकं छान चाललंय."

नियम त्यांचाच होता. त्यात पळवाट शोधून पाहिली, नव्हती.

रविवारी पाळकसाहेब "शांती द्या" म्हणाले. पांडुरंग उजवीकडून आला आणि त्याने हात पुढे केला. हात ओला होता.

"नारायण रडतोय काय रे?" सुमंतरावांनी विचारलं.

"काय सांगू, अण्णा? तिकडे पंखे बंद. सगळ्यांचेच हात ओले."

मग मात्र म्हाताऱ्याला राहवलं नाही. गेले खड्ड्यात नियम, म्हणत सुमंतराव उठले आणि त्यांनी मधल्या वाटेत पाऊल टाकलं. पलीकडे नारायणही उठून उभा राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. वनिताबाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"चला, सगळे उभे राहून गाऊ या," पाळकसाहेब म्हणाले.

सगळे उभे राहिले. दोन माणसांचं उभं राहणं त्या सार्वजनिक उभं राहण्यात जिरून गेलं. गीताला कडवी पुष्कळ, आणि त्या दिवशी एकही गाळलं नाही. माणसांच्या भिंतीमागे कुठेतरी नारायण होता. तोवर त्याच्या गाडीची वेळ झाली होती. भिंत खाली बसली तेव्हा त्याची जागा रिकामी होती आणि फाटकाशी रिक्षा सुरू झाल्याचा आवाज येत होता. सुमंतराव वाटेतच उभे होते. ओंजळीत तोंड घालून ते लहान पोरासारखे रडले. वनिताबाईंनी डावीकडचे पंखे वाढवले, म्हणजे कुणाला संकोच वाटू नये.

सौजन्य समितीने ही पद्धत आता सर्वांसाठी खुली केली आहे. ख्रिस्ती असण्याची अट नाही. घर, भाऊबंदकी, कचेरी, कुठेही चालते. पात्रता एवढीच, की ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्याविषयी कुणी विचारलं तर "छे हो, आमचं कुठे काय!" असं हसून म्हणता यावं. आत्ता तुम्हाला जो कोणी आठवला, त्याच्याविषयी एकदा म्हणून पाहा. जमलं ना? समितीत आपलं स्वागत आहे.